डोंगरकापणीचा व्हिडिओ आणि चोवीस तासांची नोटीस: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

उत्तर गोव्यातल्या एका तालुक्यात दोघेजण मिळून मराठी व्हिडिओ-बातम्यांचे चॅनल चालवतात. एक पूर्वी दैनिकाचा तालुका वार्ताहर होता, दुसरा लग्नांचे चित्रीकरण करायचा. कार्यालय नाही, नोकरदार नाहीत. स्थानिक दुकानांच्या जाहिराती आणि जत्रा-कालोत्सवांचे थेट प्रक्षेपण यांवर खर्च निघतो. ओळख पटू नये म्हणून गाव, माणसे आणि घटनाक्रमातले काही तपशील इथे बदलले आहेत.

२०२५च्या पावसाळ्याआधी एका रविवारी ग्रामसभेत डोंगरकापणीचा विषय निघाला. गोव्याच्या नगर व ग्रामनियोजन कायद्यातल्या कलम १७अ नुसार डोंगराळ जमीन कापायची किंवा सखल जमीन भरायची तर खात्याची आधी परवानगी लागते. कामाच्या जागी परवान्याचा फलक नाही, असे ग्रामस्थांचे म्हणणे होते. सभा दुपारपर्यंत रंगली आणि चॅनलने तिचा सात मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यात एका ग्रामस्थाने मोबाईलवर टिपलेले जेसीबी होते, सभेतली वादावादी होती, सरपंचांचे उत्तर होते आणि मागच्या बाकावरून आलेले एक वाक्य होते: "पंचांनी पैसे खाल्ले, म्हणून सगळे गप्प."

व्हिडिओवर लावलेल्या चित्रात (थंबनेल) लाल ठळक अक्षरे होती: पंचांनी डोंगर विकला. प्रश्नचिन्ह नाही, अवतरणचिन्ह नाही. पुढे जो त्रास झाला त्यातला मोठा वाटा या तीन शब्दांचा.

अडचण

सोमवारी व्हिडिओ चढला. बुधवारी रात्री माजी वार्ताहराच्या व्हॉट्सॲपवर पोलीस ठाण्यातून एक पीडीएफ आली. व्हिडिओ बदनामीकारक, खोटा आणि सलोखा बिघडवणारा आहे, तो २४ तासांत हटवावा, अन्यथा गुन्हा नोंद होईल, असा मजकूर. खाली कलमांची रांग: माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९(३)(ब), भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६८, भारतीय न्याय संहितेचे १९६ आणि ३५६. सही होती, पण जावक क्रमांक नव्हता. तक्रारदाराचे नाव नव्हते. व्हिडिओच्या लिंकऐवजी अख्ख्या चॅनलचा पत्ता दिला होता. पाठोपाठ ओळखीच्या हवालदाराचा फोन: "बाब, काडून उडय तो. कित्याक झंझट?"

शुक्रवारी रात्री दुसरी गोष्ट घडली. सरकारकडून आलेल्या कायदेशीर मागणीमुळे हा व्हिडिओ या देशात उपलब्ध नाही, अशी पाटी प्लॅटफॉर्मने त्यावर लावली. ईमेल दोन ओळींची. मागणी कुणाची, कोणत्या कलमाखाली, कोणत्या वाक्याबद्दल, यातले काहीच नाही.

दोघांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि पहिल्या दोन दिवसांत सल्ला देणाऱ्या बहुतेकांनी या दोन्ही गोष्टी एकच समजल्या. पोलिसांनी सांगितले, प्लॅटफॉर्मने ऐकले, विषय संपला. प्रत्यक्षात पहिली नोटीस लेखकाला, म्हणजे व्हिडिओ करणाऱ्याला होती आणि दुसरी मागणी मध्यस्थाला, म्हणजे प्लॅटफॉर्मला. दोन्हींचा कायदा वेगळा, दाद मागायची जागा वेगळी. ऑनलाइन मजकूर कुठल्या वाटेने गेला हे पहिल्या दिवशी शोधले नाही तर पुढची सगळी पत्रे चुकीच्या टेबलावर जाऊन पडतात.

नोटिशीत नेमके काय होते

वकील म्हापशाच्या. त्यांनी पहिल्या बैठकीत कलमे एकेक करून सुटी केली, आणि तिथेच प्रकरणाचा निम्मा भार उतरला.

कलम ७९ हे मध्यस्थाचे संरक्षण आहे. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी प्लॅटफॉर्म जबाबदार धरला जात नाही. पण बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती मिळूनही त्याने तो काढला नाही, तर ७९(३)(ब) नुसार हे संरक्षण जाते. म्हणजे या कलमाचा धाक प्लॅटफॉर्मला. व्हिडिओ करणाऱ्याने तो काढावा असे कर्तव्य त्यातून निर्माण होत नाही. चॅनलवाल्याला ७९(३)(ब) खाली नोटीस देणे म्हणजे भाडेकरूला घरमालकाच्या घरपट्टीचे बिल देण्यासारखे आहे.

कलम १६८ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले १४९. दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी पोलिसांनी हस्तक्षेप करावा, असे ते सांगते. समाजमाध्यमांवरच्या पोस्टबद्दल ताकीद द्यायला पोलीस ठाणी हेच कलम वापरतात, आणि नव्या संहितेच्या कलम १७२ मुळे अशा कायदेशीर निर्देशाचे पालन करणे बंधनकारकही ठरते. म्हणून हे कलम हसण्यावारी नेण्यासारखे नाही. फक्त त्याच्या मागे दखलपात्र गुन्ह्याची शक्यता हवी. बदनामीचे कलम ३५६ अदखलपात्र आहे. त्यात पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवून तपास सुरू करू शकत नाहीत, ज्याची बदनामी झाली त्याने न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायचे असते. उरले १९६. त्याला धर्म, जात, भाषा, जन्मस्थान अशा आधारांवर दोन गटांत वैर पसरवणे लागते. पंचायत मंडळ हा असा गट होत नाही. पॅट्रिशिया मुखिम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये हेच स्पष्ट केले होते: सरकारी निष्क्रियतेवरची टीका म्हणजे गटांमधला द्वेष नव्हे. २८ मार्च २०२५च्या इम्रान प्रतापगढी निकालाने त्यात भर घातली. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अभिव्यक्तीविषयक गुन्ह्यांत एफआयआरआधी प्राथमिक चौकशी करणे योग्य, आणि शब्दांचा परिणाम दुबळ्या मनाच्या नव्हे, समंजस आणि खंबीर माणसाच्या नजरेतून तपासायचा, असे न्यायालयाने म्हटले.

नोटिशीतला "खोटा" हा शब्दही तपासला. "फेक न्यूज" नावाचा सरसकट गुन्हा आपल्या कायद्यात नाही. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये नियमदुरुस्ती करून सरकारी कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्यासाठी तथ्य-तपासणी कक्षाची तरतूद केली होती. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते विभागली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर ती दुरुस्ती रद्द झाली. गोवा याच उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो, तेव्हा हा निकाल इथे थेट लागू.

ग्रामसभेतल्या वाक्याचे काय?

सगळ्यात अवघड प्रश्न हा होता, आणि त्यावर दोघा भागीदारांचे चांगलेच वाजले. माजी वार्ताहराचे म्हणणे असे: ग्रामसभा ही कायद्याने बोलावलेली जाहीर सभा, तिथे जे बोलले गेले ते आम्ही दाखवले, यात आमचे काय चुकले? हा समज गोव्यातल्या तालुका पत्रकारितेत सार्वत्रिक आहे. तो अपुरा आहे.

विधानसभेतल्या कामकाजाच्या सत्य वृत्ताला घटनेच्या अनुच्छेद ३६१अ चे संरक्षण आहे. न्यायालयीन कामकाजाच्या वृत्ताला बदनामीच्या कलमातल्या चौथ्या अपवादाचे आहे. ग्रामसभेला यांतले एकही नाही. "तो बोलला, आम्ही फक्त दाखवले" हा बचाव तिथे आपोआप चालत नाही. चालतात ते इतर अपवाद: सत्य आणि सार्वजनिक हित, लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने केलेले मत, सार्वजनिक प्रश्नावरचे मत. "परवाना फलक नाही, पंचायत गप्प का?" हे या चौकटीत बसते. "पैसे खाल्ले" हे मत नाही, वस्तुस्थितीचे विधान आहे, आणि ते सिद्ध करायला हातात काही नव्हते. त्यातून थंबनेलने तेच विधान चॅनलच्या तोंडी घातले. बोलणारा ग्रामस्थ बाजूला राहिला.

पर्याय

बुधवारी रात्रीच व्हिडिओ उडवावा, असा घरच्यांचा आग्रह होता. वकिलांनी तो मोडून काढला तो अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर नव्हे. पोलीस ज्याला गुन्ह्याचा पुरावा म्हणताहेत ती इलेक्ट्रॉनिक नोंद नोटीस मिळाल्यावर नष्ट केली, तर न्याय संहितेची २३८ आणि २४१ ही पुरावा नाहीसा करण्याची कलमे अंगावर येण्याचा धोका असतो. शिवाय डिलीट केले की लिंक, प्रतिक्रिया, चढवल्याची वेळ सारे जाते, आणि पुढे आपल्याच बचावासाठी काही उरत नाही.

दुसरा पर्याय तात्पुरते "खाजगी" करण्याचा. लिंक राहते, निर्णय फिरवता येतो. तोटा एवढाच, की गावात बातमी पसरते: घाबरले, काढला.

तिसरा, काहीच न बदलता राहू द्यायचा. तत्त्वाला धरून, पण थंबनेलचे समर्थन करणे अवघड.

चौथा, वादग्रस्त तेवढे बदलून बाकीचा ठेवायचा आणि तसे लेखी कळवायचे.

शुक्रवारी प्लॅटफॉर्मने अडवल्यावर आणखी वाटा पुढे आल्या. त्यांतली निवड करण्याआधी व्हिडिओ कुठल्या वाटेने गेला हे ओळखावे लागले. प्लॅटफॉर्मने स्वतःच्या नियमांवरून काढला असता तर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची ताकीद आली असती. मोठ्या प्लॅटफॉर्मना माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१च्या नियमांतल्या नियम ४(८) प्रमाणे अशा वेळी वापरकर्त्याला कारण कळवावे लागते. स्वामित्वहक्काची तक्रार असती तर दावेदाराचे नाव दिसले असते, आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मजकूर परत सुरू करण्याची सोय स्वामित्वहक्क नियमांत आहे. "या देशात उपलब्ध नाही" ही पाटी मात्र मागणी सरकारची किंवा न्यायालयाची असल्याचे दाखवते. लिस्बनमधल्या एका चुलत भावाला लिंक पाठवली, तिथे व्हिडिओ विनासायास चालला. अडवणूक भारतापुरती आहे हे पक्के झाले. त्याने तारीख-वेळेसह स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवले, तेही फाइलला लावले.

सरकारी वाटाही दोन. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ नुसार अडवायचे तर कारणे मोजकी आहेत: सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्र मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि त्यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याची चिथावणी. बदनामी त्यात नाही, नीतिमत्ताही नाही. राज्याला थेट आदेश देता येत नाही, नोडल अधिकाऱ्यामार्फत केंद्राकडे विनंती जाते, समिती बसते, २००९च्या नियमांप्रमाणे उत्तराला किमान ४८ तास मिळायला हवेत. तातडीच्या प्रसंगी ही सुनावणी नंतर होते. पंचांच्या बदनामीसाठी कोणी एवढा वळसा घेत नाही. म्हणून शंका ७९(३)(ब) वर आली. तिथे समिती नाही, सुनावणी नाही, "बेकायदा" हा एकच शब्द पुरतो, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे मध्यस्थाने ३६ तासांत हालचाल करायची. संरक्षण गमावण्यापेक्षा एका तालुक्याचा व्हिडिओ झाकणे प्लॅटफॉर्मला केव्हाही स्वस्त. श्रेया सिंघल निकालाने २४ मार्च २०१५ रोजी या कलमाला लगाम घातला होता: न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना हवी, आणि तीही अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर निर्बंध घालण्यासाठी घटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये दिलेल्या आठ कारणांच्या मर्यादेत. कागदावर हा लगाम आजही आहे. तो ओढायचा तर आदेशाची प्रत हातात लागते, आणि नेमकी तीच लेखकाला मिळत नाही. नियम ४(८) मधली कारण कळवण्याची सक्ती प्लॅटफॉर्मने आपणहून काढलेल्या मजकुरापुरती आहे, सरकारच्या सांगण्यावरून काढलेल्याला ती लागू होत नाही. हा अभ्यास लिहिणाऱ्या आमच्या मते अख्ख्या व्यवस्थेतली सर्वात मोठी फट हीच.

काय केले

आधी पुरावा. मूळ व्हिडिओ, ग्रामसभेचे पूर्ण चित्रीकरण, नोटिशीची पीडीएफ आणि लिंक दिसेल असे पडद्याचे फोटो एका पेनड्राइव्हवर घेतले. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारी अंक-अक्षरांची खूण) काढून कागदावर लिहिला, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालच्या प्रमाणपत्रात हॅश द्यावा लागतो. इथे एक गोष्ट हातातून निसटली. जेसीबीची दृश्ये ग्रामस्थाने व्हॉट्सॲपवरून साध्या व्हिडिओसारखी पाठवली होती. त्यात फाइल दाबली जाते, चित्रीकरणाची वेळ आणि जागा गळून पडते. मूळ फाइल मागितली तेव्हा त्याने फोन भरला म्हणून ती कधीच पुसली होती. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला आधीच सांगितले असते तर मूळ फाइल जशीच्या तशी हाती राहिली असती.

मग दुरुस्ती. गुरुवारी दुपारपर्यंत थंबनेल बदलले ("डोंगरकापणीवरून ग्रामसभेत गदारोळ"), शीर्षक बदलले, आणि "पैसे खाल्ले" या वाक्याचा आवाज प्लॅटफॉर्मच्या एडिटरमधून बंद केला. असे केले की लिंक तीच राहते. मूळ आवृत्ती वकिलांकडे बंद पाकिटात गेली.

मग उत्तर. ते व्हॉट्सॲपवर न देता टंकलिखित करून ठाण्याच्या आवक टेबलावर दिले आणि दुय्यम प्रतीवर शिक्का घेतला. भाषा जाणून सौम्य ठेवली. आम्ही चौकशीला सहकार्य करू. शीर्षक व एक वाक्य स्वतःहून दुरुस्त केले आहे, त्याचा अर्थ आरोप मान्य असा घेऊ नये. नोटीस नेमक्या कोणत्या वाक्याबद्दल आहे, तक्रारीची प्रत आणि हटवण्याचा निर्देश देण्याचा अधिकार कोणत्या अधिसूचनेने मिळाला, हे कळवावे. इतकेच. कलमांवरचा युक्तिवाद पत्रात घातला नाही, आणि ते शहाणपणाचे ठरले. उत्तर देताना ठाण्याला कायदा शिकवला की पुढची नोटीस अधिक नीट लिहिलेली येते.

गुन्हा नोंद झाला नाही. पण शुक्रवारी प्लॅटफॉर्मची पाटी आली, कारण मागणी बहुधा नोटिशीबरोबरच गेली होती आणि दुरुस्तीची खबर तिच्यापर्यंत पोहोचलीच नाही.

त्यानंतर तीन हालचाली झाल्या. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निपटारा अपेक्षित होता. पोच आली, उत्तर ठरावीक साच्याचे: कायदेशीर मागणी आहे, संबंधित यंत्रणेशी संपर्क साधा. तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत मोफत ऑनलाइन अपील करता येते, ते केले. या समित्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर बसतात, सरकारच्या मागणीवर नाही, त्यामुळे त्यातून फारशी आशा नव्हती आणि हाती काही लागलेही नाही. तिसरी हालचाल माहिती अधिकाराची: दहा रुपये शुल्क भरून, प्लॅटफॉर्मला पाठवलेल्या मागणीची प्रत, ती पाठवणाऱ्याचे पद आणि अधिकार देणारी अधिसूचना मागितली.

दरम्यान तोच व्हिडिओ पुन्हा चढवण्याचा मोह आवरला. एकदा अडवलेला मजकूर त्याच चॅनलवर परत टाकला की अख्खे खाते धोक्यात येते. त्याऐवजी स्वतःच्या वेबसाइटवर लेखी बातमी दिली: सर्व्हे नंबर, ग्रामस्थांनी खात्याला दिलेली तक्रार, तिच्या पोचेची प्रत, सरपंचांची बाजू. ती कुणी हटवायला सांगितली नाही. वाचलीही फार जणांनी नाही, हे तेवढेच खरे.

निष्पत्ती

माहिती अधिकाराच्या अर्जाला आधी कलम ८(१)(ह) दाखवून नकार आला, तपासात अडथळा येईल म्हणून. गुन्हाच नोंद नसेल तर तपास कसला, एवढाच मुद्दा पहिल्या अपिलात मांडला. अपिलानंतर एक पानी पत्राची प्रत मिळाली, तक्रारदाराचे नाव काळे केलेले. पत्रात व्हिडिओची लिंक नव्हतीच, चॅनलचा पत्ता होता. कोणते विधान बेकायदा, ते लिहिले नव्हते. पाठवणारा अधिसूचित अधिकारी असल्याचा उल्लेख नव्हता.

ही प्रत जोडून प्लॅटफॉर्मला आणि पोलीस मुख्यालयाला पत्र गेले. काही दिवसांनी व्हिडिओ दिसू लागला, दुरुस्त आवृत्तीत, एका शब्दाच्याही स्पष्टीकरणाशिवाय. सुरुवातीपासून अडीच महिने गेले होते. पाऊस लागून कधीचा झाला होता, जेसीबी त्याआधीच थांबले होते, आणि पुढच्या ग्रामसभेत चर्चा कचऱ्याच्या शेडवर होती.

व्हिडिओ परत आला म्हणून प्रकरण जिंकले असे म्हणता येत नाही. ज्या परिणामाची कुठल्याही कागदावर नोंद होत नाही तो वेगळाच आहे. त्या गावात आता कॅमेऱ्यासमोर बोलायला माणसे "चेहरा नको, नाव नको" म्हणतात. सरपंचांनी पुढच्या सभेत मोबाईल बंद ठेवण्याची विनंती केली आणि कुणी हरकत घेतली नाही. शेजारच्या तालुक्यातल्या दोन पेजवाल्यांनी ही हकिगत ऐकून आपले जुने डोंगरकापणीचे व्हिडिओ आपणहून काढले. त्यांना नोटीस आलीच नव्हती. १८ जून १९४६ ला लोहियांनी मडगावात भाषण केले ते सभा आणि बोलण्याच्या हक्कासाठी, आणि दर क्रांतिदिनी आपण ते आठवतो. तेव्हा बोलणाऱ्याला उचलून न्यावे लागले होते, निदान ते सगळ्यांना दिसले. इथे काही घडल्याचेच दिसत नाही.

वेगळे काय करता आले असते

थंबनेलबद्दल दुमत नाही. आरोप बोलणाऱ्याच्या तोंडी आणि अवतरणात ठेवायचा, पंचांची बाजू प्रसिद्धीआधी मागायची आणि मागितल्याची नोंद ठेवायची. ही साधी वार्ताहरकी आहे, सेन्सॉरशिप नव्हे.

वाक्याचा आवाज बंद करण्याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. ज्या पंचांवर आरोप झाला ते सभेत हजर होते, त्यांनी तिथेच तो फेटाळला होता. तो नकारही व्हिडिओत घेतला असता तर वाक्य ठेवणे समर्थनीय होते. सात मिनिटांच्या हट्टापायी नेमका तोच भाग कापला गेला होता.

खरी संधी गेली ती पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात. अनुच्छेद २२६ खालची याचिका तयार होऊनही दाखल झाली नाही. आधी पर्यायी उपाय संपवा असे न्यायालय म्हणेल, ही भीती होती. प्लॅटफॉर्मच्या अपिलांना सरकारी मागणीपर्यंत पोहोचताच येत नसेल, तर त्यांना पर्यायी उपाय म्हणणे कठीण, आणि हे पहिल्या पंधरवड्यात न्यायालयापुढे मांडता आले असते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये डिजिटल वृत्तमाध्यमांवरच्या आचारसंहितेचे ९(१) आणि ९(३) हे नियम स्थगित केले, २०२४ मध्ये तथ्य-तपासणी कक्ष रद्द केला. गोव्यातल्या चॅनलला हे पूर्वनिर्णय बाहेरून उसने आणावे लागत नाहीत. याचिकेत मागणी एकच पुरेशी होती: आदेशाची प्रत द्या. ती मिळाली असती तर अडीच महिन्यांचे काम दोन तारखांत झाले असते.

पोलिसांनाही वेगळे करता आले असते. तक्रारदार पंचांना न्यायदंडाधिकाऱ्याकडे किंवा दिवाणी दाव्याकडे पाठवणे हा सरळ मार्ग होता. दिवाणी न्यायालयातही प्रसिद्धीवर अंतरिम बंदी सहज मिळत नाही. ब्लूमबर्ग-झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ती केवळ अपवादात्मक परिस्थितीत द्यावी असे बजावले आहे. न्यायाधीशालाही सहज न मिळणारा हा अधिकार एका पीडीएफने वापरला गेला, हे खटकते.

त्यानंतर नियम बदलले. १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशी मागणी केंद्र-राज्यांत सहसचिव किंवा समकक्ष दर्जाच्या अधिकाऱ्याकडून, आणि पोलिसांत खास अधिकार दिलेल्या पोलीस उपमहानिरीक्षक (डीआयजी) किंवा वरच्या अधिकाऱ्याकडूनच जाऊ शकते. कायदेशीर आधार, बेकायदा कृत्याचे स्वरूप आणि नेमकी लिंक द्यावी लागते, सचिव दर्जाचा अधिकारी दरमहा आढावा घेतो. या प्रकरणातले पत्र त्या चाळणीत टिकले नसते. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या "सहयोग" पोर्टलमुळे मागण्या पाठवणे सोपे झाले आहे आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याविरुद्धची एक्स कंपनीची याचिका २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तो निकाल गोव्यावर बंधनकारक नाही, पण तो इथे वाचून दाखवला जाणार हे नक्की. लेखकाला प्रत देण्याची सक्ती नव्या नियमांतही नाही.

फेब्रुवारी २०२६च्या दुरुस्तीने ३६ तासांची मुदत ३ तासांवर आणली. तेव्हा हॅश, मूळ फाइल, पंचांना विचारलेल्या प्रश्नाची नोंद हे सगळे व्हिडिओ चढवण्याच्या आधीच तयार हवे. अडवलेला मजकूर प्लॅटफॉर्मने तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायचा असतो. ही मुदत संपण्याआधी, अडवल्याच्या पहिल्याच आठवड्यात, मूळ मागणी व नोंदी नष्ट करू नयेत असे वकिलाचे पत्र प्लॅटफॉर्मला गेले पाहिजे. या दोघांनी ते पाठवले नव्हते.